पुन्हा पणजी : या वेळी शहर कलेच्या अंगाने कसे पाहावे?

रंगरेषा (कोल्हापूर)

नमस्कार. मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. पणजी हे माझे आणि माझ्या यजमानांचे अतिशय आवडते शहर आहे. आमचे बहुतेक स्नेही गोव्याला येतात ते कळंगुटला नाहीतर कोलव्याला उतरतात, आणि पणजीशी त्यांचा संबंध येतो तो मांडवीवरचा पूल ओलांडण्यापुरता. आम्ही मात्र लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीपासून मुक्काम पणजीतच करत आलो. सकाळी रेखाटनवही घेऊन मळा या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून हिंडायचे, दुपारी कुठेतरी भाजीपाव खाऊन खोलीवर परतायचे आणि उन्हे कलली की कांपालच्या बाजूला नदीकाठी चालत जायचे, एवढाच आमचा कार्यक्रम असे आणि त्यात आम्ही पूर्ण समाधानी असू. मधल्या काळात घरातले आजारपण आणि मुलांच्या परीक्षा यांमुळे बरीच वर्षे येणे झाले नाही. आता पुन्हा येण्याचे घाटते आहे आणि या खेपेस सासूबाईही बरोबर असतील.

येथे बरेच सभासद पणजीचे रहिवासी आहेत, म्हणून मोकळेपणाने विचारते. रस्त्यांची खोदकामे, नदीतल्या कॅसिनोंमुळे वाढलेली वर्दळ, मळ्यातल्या रंगीत घरांपुढे छायाचित्रांसाठी होणारी गर्दी, हे सारे वर्तमानपत्रांतून वाचत होते आणि मन धास्तावत होते. ज्या शहरावर आपला जीव आहे तेथे इतक्या काळाने परतल्यावर ते अनोळखी वाटेल का, याचे उत्तर प्रवासी कंपन्यांच्या माहितीपत्रकांपेक्षा तेथे राहणाऱ्यांकडूनच मिळावे असे वाटते.

दुसरे असे की आजवर आम्ही पणजी बाहेरूनच पाहिली. घरांचे रंग, सज्जांचे कठडे, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, चर्चच्या पायऱ्या, हे सगळे वहीत उतरवले. पण या शहरात चित्रे कुठे आहेत, शिल्पे कोणाची आहेत, नाटक आणि गाणे कुठे चालते, याकडे आम्ही पुरेसे वळलोच नाही. या वेळी तेच पाहायचे आहे. तिसरा प्रश्न सासूबाईंच्या संदर्भात आहे. त्यांना नाट्यसंगीताची विलक्षण ओढ आहे, मात्र गुडघ्यांमुळे फार चढउतार करवत नाही. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना यांपैकी कोणता काळ आम्हाला अधिक मानवेल? सविस्तर लिहावे, ही विनंती.

मळेकर (पणजी)

रंगरेषाताई, माझा जन्म मळ्यातला आणि आजही मी तेथेच राहतो. शहर बदलले आहे, हे आधीच सांगतो. सूर्य मावळला की दयानंद बांदोडकर मार्गावर वाहनांची रीघ लागते आणि मांडवीच्या पाण्यावर कॅसिनोंच्या जहाजांचे दिवे पसरतात. ज्याने पूर्वीची संध्याकाळ पाहिली आहे त्याला ते सहजासहजी रुचणार नाही. म्हणून नदीकाठचे तुमचे चालणे सकाळी ठेवा. खोदकामांचा त्रास आम्ही बराच सोसला, पण आमच्या भागातले रस्ते आता चालण्याजोगे झाले आहेत. मळा, सांतोमे आणि आल्तिनोची टेकडी यांमधली जुनी पणजी मात्र ओळख पटेल अशीच आहे. झरा जागेवर आहे, टेकडीच्या उतारावरचे मारुतीचे देऊळ जागेवर आहे आणि सेंट सेबास्टियनच्या कपेलातला क्रूसही तेथेच आहे. तो क्रूस पूर्वी जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, हे तुम्ही ऐकले असेल. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत आणि मान खाली झुकलेली नाही. चित्रकाराच्या दृष्टीने पाहाल तर त्या सरळ मानेमुळे संपूर्ण आकृतीचा भाव कसा पालटतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगले कळेल.

मळ्यातल्या घरांविषयी एक विनंती आहे आणि ती मनापासून करतो. ही राहती घरे आहेत. आत कोणी आजारी असते, कोणाचे मूल नुकतेच झोपलेले असते, आणि दारासमोर सकाळपासून अनोळखी माणसे पायरीवर चढून, खिडकीला टेकून, कपडे बदलून बदलून छायाचित्रे काढत असतात. काही घरांवर आता मनाईच्या पाट्या लागल्या आहेत, त्या याच कारणाने. तुम्ही वही घेऊन बसणार असाल तर ती गोष्ट वेगळी. कडेला बसून शांतपणे रेखाटणाऱ्या माणसाकडे आमच्याकडची वृद्ध मंडळी आपण होऊन येतात, चित्र पाहतात आणि घराची हकीकतही सांगतात. तरीही दारातल्या माणसाला विचारून मग बसावे. सकाळी लवकर, पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो त्या सुमारास, गल्ल्या रिकाम्या असतात आणि प्रकाशही तिरपा असतो.

आता चित्रे आणि शिल्पे. जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे आदिलशाही राजवाड्याच्या, बाजूला आबे फारिया यांचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून तुम्ही नक्कीच गेला असाल, पण या वेळी थांबून पाहा. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या आणि पुढे पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून नावारूपाला आलेल्या या धर्मगुरूचा पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराने घडवला आणि तो १९४५ साली बसवला गेला. संमोहनाचे कारण एखाद्या अदृश्य द्रवात शोधण्याऐवजी ते संमोहित होणाऱ्या माणसाच्या मनात शोधावे, असे फारिया यांचे म्हणणे होते. हात उगारून उभा असलेला पुरुष आणि खाली कोसळणारी स्त्री या रचनेत कामतांनी तोच विचार पकडला आहे, असे मला नेहमी वाटते, कारण फारिया तिला स्पर्श करत नाहीत. बाजूने पाहिल्यावर दोन देहांमधली ती पोकळी स्पष्ट दिसते, आणि रेखाटायची असेल तर तीच रेखाटण्याजोगी आहे.

तेथून आझाद मैदानाकडे चालत या. मैदानालगत मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे आणि तिच्या प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या अझुलेजोंची, म्हणजे चित्रित फरशांची, मोठी रांग आहे. पोर्तो शहरातल्या रेल्वे स्थानकातील प्रसिद्ध फरशा रंगवणाऱ्या जॉर्ज कोलासो यांनीच त्या १९३५ साली केल्या. पोर्तुगीज कवी कामोइंश यांच्या महाकाव्यातले प्रसंग त्यांवर आहेत. विषय वास्को द गामाच्या गौरवाचा आहे आणि गोमंतकीय माणसाने त्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न पडतोच. त्या भिंतीसमोर मी अनेकदा अस्वस्थ झालो आहे. परंतु एकाच निळ्याच्या छटांत समुद्र, शिडे, चिलखते आणि माणसांचे चेहरे उभे करण्याची ती हातोटी विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखी आहे. कामकाजाच्या दिवशी दिवसा जा.

तिसरे ठिकाण मळ्यातच आहे आणि तेथे फारसे कोणी जात नाही. फुंदासांव ओरिएंत या संस्थेच्या वास्तूत आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह आहे. त्रिंदाद (१८७० ते १९३५) हे सांग्याचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. छायाप्रकाशावरील हुकमतीमुळे त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हटले जाई. तुमच्या कोल्हापूरला आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचा वारसा आहे. त्याच पिढ्यांतला एक गोमंतकीय मुंबईत बसून तैलरंगात काय करत होता, हे एकाच छताखाली पाहायला मिळते. त्यांची कन्या आंजेला त्रिंदाद याही चित्रकार होत्या. तेथे जाण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळ विचारून घ्यावी.

तिसरी घंटा (फोंडा)

मळेकरदादांनी दृश्यकलेचे सांगितले आहे, मी रंगभूमीचे आणि गाण्याचे सांगतो, कारण सासूबाईंसाठी ते अधिक उपयोगाचे ठरेल.

कांपालच्या कला अकादमीसमोरून तुम्ही संध्याकाळी चालत होता, तर आतही डोकावला असालच. चार्ल्स कोरिया यांनी या वास्तूची रचना अशी केली की रस्त्यावरून येणारा माणूस मांडवाखालून, खुल्या दालनातून थेट नदीपर्यंत चालत जाऊ शकतो. तिकीट काढलेला प्रेक्षक आणि सहज आलेला माणूस यांच्यात दाराचा अडसर ठेवलेला नाही. सभागृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. त्याच्या भिंतींवर जुन्या नाट्यगृहातल्यासारखे सज्जे आणि त्यांत बसलेले गोमंतकीय प्रेक्षक मारिओ मिरांडा यांनी रंगवले होते, त्यामुळे प्रयोग सुरू होण्यापूर्वीच सभागृह भरल्यासारखे वाटे. मध्यंतरी ही वास्तू दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद होती आणि २०२३ च्या अखेरीस पुन्हा उघडली. दुरुस्तीच्या दर्जाबद्दल येथील कलाकारांनी जाहीर आक्षेप घेतले आणि ते गांभीर्याने ऐकले जावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्हा नाटकवाल्यांच्या दृष्टीने रंगमंचावरचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचतो, हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. तरीही तुम्ही अवश्य या. प्रयोग असेल त्या दिवशी या.

पणजीला येणारा पाहुणा येथे मराठी नाटक पाहील, असे सहसा कोणाला सुचत नाही, आणि मला त्याची खंत वाटते. गोव्यात मराठी नाटक देवळाच्या उत्सवातून वाढले. गावोगावच्या जत्रांत गावातीलच हौशी मंडळी रात्रभर नाटक करतात. दिवसा दुकान चालवणारा, शाळेत शिकवणारा किंवा बागायत पाहणारा माणूस रात्री तोंडाला रंग लावून उभा राहतो आणि समोर त्याला लहानपणापासून ओळखणारा सारा गाव बसलेला असतो. कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा याच हौशी मंडळांच्या बळावर चालते. स्पर्धेच्या काळात आलात तर एकाच आठवड्यात वेगवेगळ्या गावांचे प्रयोग पाहायला मिळतील, आणि मध्यंतरात चहा पिताना परीक्षकांपेक्षा कठोर प्रेक्षक भेटतील. स्पर्धेचे वेळापत्रक येथील मराठी दैनिकांत छापून येते, त्याकडे लक्ष ठेवा. कोकणी तियात्र हा निराळा प्रकार आहे. त्यातली मधूनमधून येणारी कांतारां, म्हणजे गाणी, भाषा पूर्ण कळली नाही तरी आवडतात.

सासूबाईंना नाट्यसंगीत प्रिय आहे, तर हा प्रदेश त्यांना परका वाटणारच नाही. दीनानाथ मंगेशीचे आणि जितेंद्र अभिषेकीही मंगेशीचेच. गायिका केसरबाई केरीच्या आणि मोगूबाई कुर्डीच्या. पणजीहून मंगेशी आणि म्हार्दोळ ही दोन्ही देवळे एका सकाळीत होतात. सूरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाने कला अकादमी संगीत समारोह भरवते. त्याच्या तारखा पाहून सुट्टी बेतता आली तर याहून चांगली भेट मी सुचवू शकणार नाही. १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या ध्वनिमुद्रिकेत ज्यांची भैरवी आहे, त्या केसरबाईंच्या मातीत बसून त्यांच्या स्मरणार्थ झालेले गाणे ऐकणे, हे सासूबाईंना निश्चित भावेल.

काळाविषयी माझे मत असे की नाताळच्या आठवड्यात येऊ नये. त्या दिवसांत हॉटेलांचे दर चढतात, रस्ते तुंबतात आणि शहराची माणसे स्वतःच शहराबाहेर पडण्याचे पाहतात.

चारकोल (आल्तिनो)

मी गोवा कला महाविद्यालयात शिकते. नाताळच्या आठवड्याविषयी तिसरी घंटा यांच्याशी मी सहमत आहे, परंतु संपूर्ण डिसेंबर टाळण्याचा सल्ला असेल तर मी तो देणार नाही.

२०१६ पासून पणजीत डिसेंबरच्या मध्याला सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. दृश्यकला, नाटक, नृत्य, संगीत, हस्तकला आणि पाककला हे सगळे त्यात असते. प्रवेश विनामूल्य असतो, फक्त आधी नाव नोंदवावे लागते. आम्हा विद्यार्थ्यांना त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती जागांची निवड. जेथे एके काळी वैद्यकीय महाविद्यालय होते ती जुनी इमारत, आदिलशाही राजवाडा, नदीकाठची उद्याने, अशा ठिकाणी प्रदर्शने मांडली जातात. जुन्या रुग्णालयाच्या उंच छताच्या, जाड भिंतींच्या खोल्यांमध्ये एखादी मांडणशिल्पाची कलाकृती पाहताना ती इमारतही तुमच्याशी बोलू लागते. एरवी बंद असलेली दारे त्या दिवसांत उघडी असतात. तुम्ही पणजी बाहेरून पाहिली असे लिहिले आहे, म्हणून हे आवर्जून सांगते. अडचण एवढीच की एका दिवसात जितके मांडलेले असते त्याचा थोडाच भाग पाहून होतो, आणि ज्यांना एका चित्रासमोर अर्धा तास थांबायचे आहे त्यांची तेथे ओढाताण होते. आमच्या वर्गातल्या काहींना हा महोत्सव शहराच्या अंगावर पांघरल्यासारखा वाटतो, शहरातून उगवलेला वाटत नाही. मला तसे वाटत नाही, पण हे मत तुमच्यापर्यंत पोचावे म्हणून नोंदवते.

वर्षभर केव्हाही पाहता येतील अशी ठिकाणे जवळपास आहेत. आमच्या टेकडीवरच सुनापरांत हे कलाकेंद्र आहे. घरासारख्या वास्तूत प्रदर्शने असतात आणि अंगणात बसून कॉफी पिता येते. वाहन दारापर्यंत जाते, त्यामुळे तुमच्या सासूबाईंना त्रास होणार नाही. नदीपलीकडे पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत सुबोध केरकर यांनी २०१५ साली उघडलेले म्युझियम ऑफ गोवा आहे. समुद्र, व्यापार आणि वसाहतकाळ हे त्यांचे विषय आहेत आणि शिंपले, होड्यांचे अवशेष अशा वस्तूंतून ते काम करतात. तोर्डा येथे वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेले गोमंतकीय घरांचे संग्रहालय आहे. तुमच्या वहीतल्या सज्जांचा आणि शिंपल्यांच्या खिडक्यांचा अभ्यास तेथे पुरा होईल.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ठिकाण मात्र पर्वरीचे झेवियर इतिहास संशोधन केंद्र आहे, कारण तेथे आंजेलो द फोन्सेका (१९०२ ते १९६७) यांच्या चित्रांचा संग्रह आहे. सांत इस्तेव बेटावर जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात शिकला आणि त्याने मेरीला साडी नेसवून, भारतीय चेहरा देऊन रंगवले. त्या काळच्या गोव्यातल्या धर्मसत्तेला ते मानवले नाही आणि त्यांचे पुढचे आयुष्य पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या आश्रयाने गेले. जलरंगात इतकी संयत, इतकी शांत माणसे मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहेत. पुण्यामुंबईच्या कलारसिकांनाही फोन्सेका फारसे ठाऊक नसतात, याचे मला वाईट वाटते. साळगावचे सूझा आणि मडगावचे लक्ष्मण पै या चित्रकारांची नावे सर्वत्र पोचली. फोन्सेकांचे पोचायला हवे. पै सर तर आमच्या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. संशोधन केंद्रात जाण्यापूर्वी पत्र किंवा दूरध्वनी करावा, कारण ते मुळात अभ्यासकांसाठी चालते.

रंगरेषा (कोल्हापूर)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, मनःपूर्वक आभार. त्रिंदाद यांची मूळ चित्रे पणजीत आहेत हे मला ठाऊक नव्हते आणि त्यांच्या वास्तूवरून आम्ही कितीतरी वेळा गेलो असणार. फोन्सेकांची चित्रे आजवर फक्त छापील पाहिली आहेत. मळेकरदादा, दारात विचारल्याशिवाय वही उघडणार नाही, याची खात्री बाळगा.

सुट्टीच्या काळाविषयी मात्र निर्णय होत नाही. डिसेंबरचा महोत्सव खुणावतो, पण सासूबाईंना गर्दीत नेणे जिवावर येते. शिवाय त्यांना घेऊन शहरात हिंडायचे तर मुक्काम कोठे करावा आणि वाहन स्वतःचे आणावे का, हेही कोणीतरी सांगावे.

फेरीबोट (बेती)

रंगरेषाताई, आपण शाळेत शिकवता, त्यामुळे दिवाळीची सुट्टी आपल्याला असणारच. माझा कौल त्याच काळाला आहे आणि त्याची कारणे सांगतो.

पावसाळ्यात येथील भिंतींवर शेवाळ चढते आणि पाऊस ओसरल्यावर घरे रंगवून घेण्याची मळ्याकडची जुनी रीत आहे. दिवाळीच्या सुमारास आलात तर तो पिवळा, तो निळा आणि तो कावेसारखा तांबडा ताज्या हाताचा पाहायला मिळतो. मे महिन्यात हेच रंग उन्हाने विटलेले असतात. हवेतली धूळ धुऊन गेलेली असते आणि आल्तिनोचा उतार अजून हिरवा असतो. त्यात नरक चतुर्दशीची आदली रात्र येते. त्या रात्री पणजीत आणि आसपासच्या गावांत चौकाचौकांत नरकासुराच्या प्रचंड प्रतिमा उभ्या राहतात. बांबू, कागद, गवत आणि रंग वापरून वाड्यावाड्यांतली मुले त्या कित्येक दिवस खपून करतात आणि पहाटे जाळून टाकतात. कर्कश संगीताचा उपद्रव होतो, हे मान्य आहे, आणि सासूबाईंना त्या रात्री खोलीवरच राहू द्यावे. पण चित्रकला शिकवणाऱ्या माणसाने ती कारागिरी एकदा तरी दुपारच्या उजेडात, शेवटचा हात फिरत असताना पाहावी. कोणत्याही कलाशाळेत न गेलेल्या मुलांनी स्नायूंचे, दातांचे, बुबुळांचे जे काम केलेले असते ते थक्क करते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी पोह्यांचे नाना प्रकार होतात. येथे कोणाशी ओळख निघाली तर ते चुकवू नका.

दिवाळीनंतरचे दिवस शांत असतात. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू होतो. २००४ पासून तो पणजीत भरतो आणि त्या काळात कांपालपासून जुन्या वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा पट्टा गजबजलेला असतो. त्याच्या आधी आलात तर मिनेझिस ब्रागांझाच्या दालनात आणि फुंदासांवच्या वास्तूत आपल्याखेरीज फारसे कोणी नसेल. चारकोल यांचा महोत्सव पुढच्या एखाद्या खेपेस सासूबाईंना घरी ठेवून दोघांनीच पाहावा, असे मला वाटते. मे महिना मात्र विसरा. साळावली धरणाचे पाणी ओसरल्यावर मोगूबाईंचे कुर्डी गाव वर येते आणि तेथले जुने रहिवासी देवाच्या निमित्ताने जमतात, एवढेच मे महिन्याचे आकर्षण आहे. ते पणजीहून लांब आहे आणि ऊनही फार असते.

मुक्काम शहरातच करावा. मळा, सांतोमे किंवा चर्चच्या चौकाजवळ उतरलात तर आतापर्यंत सुचवलेली निम्मी ठिकाणे सपाट रस्त्याने चालत जाण्यासारखी आहेत. जुन्या घरांची जी विश्रामगृहे झाली आहेत त्यांतले जिने अरुंद आणि लाकडी असतात, म्हणून तळमजल्यावरची खोली आधीच मागून घ्यावी. चर्चच्या पायऱ्या सासूबाईंनी चढू नयेत. चौकातून ती दर्शनी बाजू अधिक चांगली दिसते. चर्चचे ८ डिसेंबरचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव, आपल्या बेतात बसत नाही, पण कधी बसले तर त्या चौकातली रोषणाई आणि खाजांची दुकाने त्यांना आवडतील.

कोल्हापूरहून आंबोलीमार्गे आपले वाहन आणणे सोयीचे आहे, कारण मंगेशी, पर्वरी आणि पिळर्ण येथे त्याचा उपयोग होईल. शहरात मात्र ते एका जागी उभे करून ठेवावे; दुपारी जागा शोधण्यात जाणारा वेळ एखाद्या चित्रासमोर घालवलेला बरा. पणजीहून बेतीला येणारी फेरीबोट पायी चालणाऱ्याला विनामूल्य आहे. सासूबाईंना सकाळी त्यात बसवून आणा. पाण्यावरून पाहिल्यावर राजवाडा, मागची टेकडी आणि नदीकाठची इमारतींची ओळ एका नजरेत येते आणि त्यासाठी एकही पायरी चढावी लागत नाही.

मळेकर (पणजी)

फेरीबोट यांच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात एका ठिकाणाची भर घालतो.

जुन्या गोव्याला जाणार असाल तर मोठ्या चर्चेस पाहून परतू नका. सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे आणि नूतनीकरणानंतर २०२२ पासून ते पुन्हा खुले आहे. हस्तिदंत, चांदी, लाकूड आणि वस्त्रे यांतल्या वस्तू तेथे आहेत. ख्रिस्ती विषयांवर स्थानिक कारागिरांनी काम केले तेव्हा वेलबुट्टी, चेहरे आणि दागिने यांत त्यांचा स्वतःचा हात कसा उतरला, हे तेथे जवळून न्याहाळता येते. फोन्सेकांनी विसाव्या शतकात जे जाणीवपूर्वक केले त्याची बीजे मला या वस्तूंत दिसतात, म्हणून पर्वरीला जाण्यापूर्वी हे संग्रहालय पाहावे असा माझा आग्रह आहे. जाताना महामार्गाऐवजी पाटोहून रायबंदरकडे जाणाऱ्या जुन्या बांधावरून जा. १६३३-३४ साली बांधलेला तो रस्ता आजही वाहता आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांना मिठागरांची आणि खारफुटीची सपाट जमीन पसरलेली आहे. सकाळच्या वेळी तेथे बगळे उतरतात, तेव्हा वही हाताशी असू द्या. पाटोवरच राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी इमारत आहे. १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात गोव्याच्या कलेविषयीची मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज पुस्तके आहेत. एखादी दुपार उन्हात घालवण्याऐवजी तेथे घालवता येईल, आणि इमारतीत उद्वाहक आहे.

तारखा ठरल्या की येथे कळवा. त्या आठवड्यात मराठी नाटक कुठे आहे आणि गाणे कुठे आहे, ते आम्ही पाहून ठेवतो.